झ्युरिक ते बाझल: स्विस ग्रिडच्या मुळाशी

झ्युरिकच्या मुख्य रेल्वे स्थानकात उतरलेला प्रवासी कोणत्याही संग्रहालयाचे तिकीट काढण्याआधीच स्विस ग्राफिक डिझाइनच्या सहवासात आलेला असतो. फलाटावरचे मोठे गोल घड्याळ हान्स हिल्फिकर या अभियंत्याने १९४४ मध्ये आखले. त्यावर आकडे नाहीत, फक्त काळ्या जाड रेघा आहेत. गाडी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातील लाल चकतीवरून सुचलेला लाल सेकंदकाटा त्यात नंतर आला. हा काटा सुमारे साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण करतो, वर पोहोचून थोडा थांबतो आणि मध्यवर्ती घड्याळाचा इशारा मिळाला की मिनिटकाट्याबरोबर पुन्हा निघतो. स्थानकातील गडद निळ्या पाट्यांवरची पांढरी अक्षरे, बाण आणि चिन्हे यांची शिस्त १९८० च्या सुमारास ग्राफिक डिझाइनर योसेफ म्युलर-ब्रोकमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवून दिली. अनोळखी देशात, जर्मन येत नसताना, सामान ओढत मी योग्य फलाटावर कोणालाही न विचारता पोहोचले, याचे श्रेय त्या शिस्तीला आहे.

पुस्तकांची मांडणी हे माझे काम आहे. स्विस परंपरेतून आलेले नियम आम्हा मराठी मांडणीकारांना शिक्षणातच मिळतात, आणि मराठी मजकूर हाती आला की त्यांतले काही उत्तम चालतात, तर काही अडून बसतात. असे का होते, हे मूळ ठिकाणी जाऊन पाहावे, एवढाच या प्रवासाचा हेतू होता.

झ्युरिकच्या रस्त्यांवर भित्तिपत्रके अजूनही जागोजागी दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा आकार ठरलेला असतो: ९०.५ बाय १२८ सेंटिमीटर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजलेले हे माप देशभर चालते, त्यामुळे नाटकमंडळी असो, बँक असो किंवा एखादा राजकीय पक्ष, सर्वांना रस्त्यावर सारखीच जागा मिळते. मोठा फलक लावून दुसऱ्याला झाकण्याची सोय त्या मापात नाही. लक्ष वेधायचे तर ते मांडणीनेच वेधावे लागते. आपल्याकडच्या चौकांत फ्लेक्सचा आकार हाच मान ठरवतो, हे रोज पाहणाऱ्या माझ्यासारखीला ही समानता फार मोलाची वाटली, आणि या देशात भित्तिपत्रकाची कला इतकी का वाढली याचे एक कारण मला इथेच सापडले.

झ्युरिकचे डिझाइनचे संग्रहालय, म्हणजे म्युझियम फ्युअर गेश्टाल्टुंग, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आऊसश्टेलुंगश्ट्रासे या रस्त्यावर आहे. १९३३ साली उघडलेली त्याची इमारत आडोल्फ श्टेगर आणि कार्ल एगेंडर या वास्तुविशारदांची; २०१८ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा खुली झाली. संग्रहाचा मोठा भाग मात्र शहराच्या पश्चिमेकडे टोनी-आरेआल या जुन्या दुग्धप्रक्रिया कारखान्याच्या जागेत ठेवलेला आहे, आणि तिथल्या भित्तिपत्रकांची संख्या साडेतीन लाखांच्या घरात जाते. दोन्ही ठिकाणे पाहावीत. पहिल्यात निवडक वस्तू आहेत, दुसऱ्यात एखाद्या कोठाराची भव्यता आहे.

म्युलर-ब्रोकमान यांचे १९५५ चे बेथोव्हेनचे भित्तिपत्रक मी आजवर पुस्तकात तळहाताएवढे पाहिले होते. पूर्ण आकारात ते पाहताना त्यातील गणित अंगावर आल्यासारखे वाटते. एका केंद्राभोवती फिरणाऱ्या काळ्या कमानी बाहेर जाताना दुपटीने जाड होत जातात, आणि केंद्राजवळच्या पांढऱ्या जागेत कार्यक्रमाचा तपशील लहान अक्षरांत, डाव्या कडेला धरून बसवलेला आहे. संगीतकाराचा चेहरा नाही, वाद्य नाही. झ्युरिकच्या टोनहाले या संगीतगृहासाठी १९५० च्या दशकाच्या आरंभापासून जवळजवळ वीस वर्षे ते अशी भित्तिपत्रके करत होते आणि लय, ताल, चढ यांना केवळ आकारांच्या प्रमाणांतून रूप देत होते. ज्यांना ही शैली कोरडी वाटते, त्यांनी या एका कागदासमोर उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

त्याच परंपरेतील दुसरे टोकही तिथे पाहता येते. स्वित्झर्लंडच्या मोटारवाल्यांच्या संघटनेसाठी त्यांनीच १९५३ च्या सुमारास केलेल्या भित्तिपत्रकात मोटारसायकलचे प्रचंड चाक पुढून अंगावर येते, आणि मागे एक लहान मूल धावताना दिसते. मुलाला जपा, एवढेच आवाहन. आकारांतील तफावत हीच त्यातील भीती आहे. १९६० च्या ‘गोंगाट कमी’ या भित्तिपत्रकात डोके दोन्ही हातांनी झाकून घेतलेली व्यक्ती आणि तिरपी लाल अक्षरे आहेत. मांडणी मोजूनमापून केलेली आणि भावना थेट काळजाला भिडणारी, असा हा मेळ आहे, आणि मला वाटते की नंतरच्या अनुकरणकर्त्यांनी त्यातील मोजमाप तेवढे उचलले.

ही शैली कुठून आली, हे थोडक्यात सांगते. एर्न्स्ट केलर यांनी १९१८ पासून १९५६ पर्यंत झ्युरिकच्या कलाशाळेत शिकवले आणि पिढ्या घडवल्या. १९३३ मध्ये नाझींच्या अटकेतून सुटलेले जर्मन अक्षररचनाकार यान चिखोल्ड बाझलला येऊन स्थिरावले. युद्धकाळात तटस्थ राहिलेल्या या देशात छापखाने आणि शाळा शाबूत राहिल्या, त्यामुळे शेजारी देशांत खंडित झालेला आधुनिकतेचा धागा इथे सलग चालू राहिला.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटणारे कारण संग्रहालयाच्या एका काचपेटीत सापडले. तिथे ‘नॉये ग्राफिक’ या नियतकालिकाचे अंक ठेवलेले होते. म्युलर-ब्रोकमान, रिचर्ड पाउल लोझे, हान्स नॉयबुर्ग आणि कार्लो व्हिव्हारेली या चौघांनी ते १९५८ ते १९६५ या काळात चालवले. जवळजवळ चौरस पान, चार स्तंभ, आणि एकच मजकूर जर्मन, इंग्रजी व फ्रेंच या तीन भाषांत शेजारी शेजारी. जर्मन मजकूर लांबतो, इंग्रजी लवकर संपतो, तरी पान विस्कटत नाही, कारण प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चित्र पानावर आधी आखलेल्या अदृश्य चौकटींना, म्हणजेच ग्रिडला, बांधलेले आहे. चार राष्ट्रीय भाषा असलेल्या देशात औषधाच्या पुस्तिकेपासून रेल्वेच्या सूचनेपर्यंत सगळेच अनेक भाषांत छापावे लागते. तेव्हा ग्रिड ही सौंदर्याची हौस नसून कोणत्याही भाषेला दुय्यम न ठरवण्याची युक्ती आहे, असे मी त्या काचपेटीसमोर ठामपणे समजले. मराठी, हिंदी आणि इंग्रजी पाट्या शेजारी लावणाऱ्या आपल्या राज्याला या युक्तीची गरज कुणापेक्षाही कमी नाही.

झ्युरिकहून बाझलला रेल्वेने सुमारे तासाभरात पोहोचता येते. ऱ्हाइन नदीकाठच्या या शहराने स्विस शैलीला तिचे दुसरे, माझ्या मते अधिक मोकळे, रूप दिले. फोगेलझांगश्ट्रासेवरची कलाशाळा हेर्मान बाउर यांनी बांधली. ती १९६१ मध्ये सुरू झाली. तिच्या काँक्रीटच्या भिंतींवर आर्मिन होफमान यांची उठावशिल्पे आहेत आणि अंगणात हान्स आर्प यांचे शिल्प उभे आहे. होफमान १९४० च्या दशकात इथे शिकवू लागले. त्यांच्याआधी १९४२ पासून एमिल रूडर होते. रूडर यांचा भर वाचनीयतेवर आणि कोऱ्या जागेवर होता. न छापलेली जागा छापलेल्या जागेइतकीच बोलते, हे ते विद्यार्थ्यांकडून एकेका अक्षराच्या अभ्यासातून करवून घेत. होफमान यांचे १९५९ चे ‘जिझेल’ या बॅलेचे भित्तिपत्रक आजही जगभरच्या वर्गांत दाखवले जाते: गिरकीत पुसट झालेली नर्तकी, आणि तिच्या शेजारी उभे लावलेले, स्थिर, पांढरे नाव. रंगांनी बरबटलेल्या रस्त्यात काळे-पांढरे भित्तिपत्रक हा त्यांनी जाणीवपूर्वक घेतलेला पवित्रा होता.

बाझलच्या सांक्ट आल्बान भागात पाण्याच्या चाकावर चालणारी जुनी कागदगिरणी आता संग्रहालय झाली आहे. तिथे कागद गाळताना, छपाईच्या अक्षरांचे खिळे ओतताना आणि ते जुळवून छापताना पाहता येते. शहराच्या वेशीवरच्या म्युनशेनश्टाइन गावी हास या ओतशाळेचे एडुआर्ड होफमान आणि अक्षररेखक माक्स मीडिंगर यांनी १९५७ मध्ये नॉये हास ग्रोटेस्क हा टाइप, म्हणजे अक्षरांचे वळण, तयार केला आणि १९६० मध्ये तो हेल्व्हेटिका या नावाने जगात गेला. त्याच वर्षी, म्हणजे १९५७ मध्येच, इंटरलाकेनजवळच्या उंटरझेएन गावी जन्मलेल्या आड्रियान फ्रुटिगर यांचा युनिव्हर्स हा टाइप पॅरिसमधून बाजारात आला. त्याच्या एकवीस छटांना दोन अंकी क्रमांक देऊन एक पूर्ण कुटुंब त्यांनी आधीच आखून ठेवले होते.

खिळा ओतून दाखवणाऱ्या वृद्ध कारागिरांना मी फोनवर मराठीचे एक पान दाखवले. त्यांनी ते बराच वेळ निरखले आणि विचारले, “ओळ कुठून मोजता?” माझ्या सगळ्या अडचणींचे मूळ या प्रश्नात होते. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे राहते, म्हणून स्विस ग्रिडमध्ये सगळे हिशेब त्या तळरेषेपासून होतात. देवनागरी शिरोरेषेपासून खाली उतरते. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे. रोमन मजकुराचे ओळींमधले अंतर जसेच्या तसे उचलले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो, आणि शेजारच्या चित्राची कड ना अक्षराशी जुळते ना मात्रेशी. उलट दुसरा एक स्विस नियम मराठीला अगदी सोयीचा आहे. ओळी डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळ्या सोडण्याची त्यांची पद्धत लांबलचक जर्मन सामासिक शब्दांना मानवते. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटून लांब झालेल्या मराठी शब्दांनाही ती तितकीच मानवते. अरुंद स्तंभात दोन्ही कडा ओढूनताणून सरळ केल्या की शब्दांमध्ये खिंडारे पडतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

हा प्रश्न स्विस लोकांना अनोळखी नव्हता, हे मी विसरू इच्छित नाही. आर्मिन होफमान १९६५ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकवायला आले होते. त्याच संस्थेतून बाझलला गेलेल्या महेंद्र पटेल यांनी पुढे फ्रुटिगर यांच्याबरोबर देवनागरीवर काम केले आणि भारतात परतून अनेक पिढ्यांना अक्षररचना शिकवली. २०१० मध्ये त्यांना गुटेनबर्ग पुरस्कार मिळाला. आजच्या भारतीय डिझाइनमधली स्विस छाया ही केवळ मासिके पाहून आलेली नाही, तिला गुरुशिष्यांची साखळी आहे.

इतरत्र ही छाया वेगवेगळ्या वाटांनी गेली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी मास्सिमो व्हिग्नेल्ली आणि बॉब नूर्दा यांनी १९७० मध्ये केलेली नियमपुस्तिका हा तिचाच विस्तार. आज वेबसाइट आखणारी मुले ग्रिडच्या बारा स्तंभांपासून सुरुवात करतात, तेव्हा तीही याच वाटेवर असतात. बाझलमध्येच १९६८ पासून शिकवणाऱ्या वोल्फगांग वाइनगार्ट यांनी नियम मोडून दाखवले, आणि झ्युरिकच्या रोझमारी टिस्सी यांनी झीगफ्रीड ओडरमाट यांच्यासह त्या चौकटीत खेळकरपणा आणला. मला या पुढच्या पिढीचे काम अधिक जवळचे वाटते, कारण ग्रिड पूर्ण पचवल्याशिवाय तिला असे वाकवता येत नाही. याउलट लाल रंग, हेल्व्हेटिका आणि भरपूर कोरी जागा एवढ्या सामग्रीवर जगभर निघणारे ‘स्विस’ काम मला पोकळ वाटते. त्यात मजकुराचा विचारच नसतो.

त्या विचाराचे खरे मराठी वारस मला मुंबईत दिसतात. एक टाइप या गटाने केलेला मुक्त हा टाइप सात वजनांत, म्हणजे अक्षरांच्या सात जाड्यांत, आहे, आणि देवनागरीबरोबर गुजराती, गुरुमुखी व तमिळ यांनाही तो एकाच कुटुंबात बांधतो. त्यासाठी त्यांनी युनिव्हर्सचे वळण उचलले नाही, प्रत्येक लिपीची मापे तिच्यातूनच काढली.

परतल्यावर हातात असलेल्या एका सचित्र मराठी पुस्तकाचे पान मी नव्याने आखले. सगळे मोजमाप शिरोरेषेपासून धरले, प्रत्येक चित्राची वरची कड शेजारच्या ओळीच्या शिरोरेषेला लावली, ओळींतील अंतर उकार आणि रफार एकमेकांपासून सुटे राहतील इतके वाढवले आणि उजवी कड मोकळी सोडली. प्रकाशकांना ती मोकळी कड आरंभी खटकली. नमुन्याची पाने दोन्ही पद्धतींनी छापून शेजारी ठेवली, तेव्हा त्यांनी तिलाच होकार दिला. पहिला फर्मा, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायची पाने, आता छापखान्यात गेला आहे.