प्रपोजल जातं, उत्तर येत नाही: सोलापुरातल्या एका डीटीपीवालीचा अनुभव

फ्रीलान्सिंगच्या, म्हणजे सुटी कामं मिळवायच्या साइटवर नकार मिळाला तर माणूस पुढच्या कामाला लागतो. पण तिथे बहुतेक वेळा नकारही मिळत नाही. आपण तासभर बसून प्रपोजल, म्हणजे कामासाठीचा प्रस्ताव लिहितो, नमुने जोडतो, पाठवतो आणि मग काहीच घडत नाही. चार दिवसांनी पाहावं तर ते काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालेलं असतं किंवा पोस्ट तशीच पडून असते. या शांततेत आपल्या कामाबद्दलच शंका यायला लागते. हातात कला आहे, प्रोफाइल तयार आहे आणि तरीही इनबॉक्स कोरा आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण त्या कोऱ्या इनबॉक्सचा आपल्या कलेशी फार थोडा संबंध असतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

मी सोलापूरच्या एका छापखान्यात बरीच वर्षं डीटीपी केलं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावली. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल. पानं लावायच्या सॉफ्टवेअरांपैकी आधी पेजमेकर शिकले, मग कोरल, मग इनडिझाइन. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर जायला लागल्या तशी छपाईची कामं कमी होत गेली, आणि मी घरी कॉम्प्युटर घेऊन ऑनलाइन कामं शोधायचं ठरवलं. अपवर्क नावाच्या फ्रीलान्सिंग साइटवर खातं उघडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिथे क्लायंट कामाची पोस्ट टाकतो आणि आपण प्रपोजल पाठवतो. प्रपोजल पाठवायला 'कनेक्ट' खर्च होतात. एक कनेक्ट १५ सेंटचा, आणि एका प्रपोजलला असे बरेच कनेक्ट लागतात. क्लायंटनं उत्तर दिलं नाही म्हणून ते परत मिळत नाहीत. म्हणजे ही शांतता फुकटची नसते, तिच्यासाठी आपल्या खिशातून पैसे गेलेले असतात. घरखर्चातून वाचवलेल्या पैशांतून कनेक्ट घेणाऱ्या बाईला ते चांगलंच जाणवतं. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आलं का गं काही?" त्या काळजीनंच विचारायच्या, पण उत्तर द्यायला जीव नको व्हायचा.

मला आलेली पहिली उत्तरं खऱ्या क्लायंटची नव्हतीच. स्कॅन केलेली पानं वर्डमध्ये टाइप करून द्यायची, एवढ्याशा कामाचे शेकडो डॉलर. दोन ओळी बोलून झाल्या की, "टेलिग्रामवर या." तिथे गेलं की आधी नोंदणीचे पैसे भरा किंवा अनामत ठेवा. टायपिंग येणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना हाच गळ सगळ्यात जास्त टाकला जातो. काम देणारा कामगाराकडे कधीच पैसे मागत नाही, आणि करार होण्याआधी साइटबाहेर बोलायला बोलावणाऱ्याच्या मागे जायचं नाही, या दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. मी असल्या लोकांची तक्रार साइटवरच करते आणि विषय संपवते. इतके दिवस उत्तर नसताना आलेलं पहिलं उत्तर असं निघालं की फार लागतं, हे मात्र खरं.

माझं डोकं खऱ्या अर्थानं उघडलं ते पुण्यात, मावसभावाच्या घरी. दादाचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. त्याला मालाचा कॅटलॉग करून घ्यायचा होता आणि मी त्या दिवसांत एका स्मरणिकेत अडकलेले होते. म्हणून त्यानं ऑनलाइन पोस्ट टाकली. रात्री जेवणं झाल्यावर तो मोबाइलवर प्रपोजलं वाचत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून पाहत होते. दुसऱ्या बाजूनं हा सगळा खेळ कसा दिसतो, ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच्या स्क्रीनवर प्रपोजलांची रांग होती. प्रत्येकाचा एक छोटा फोटो, नाव, दर आणि कव्हर लेटरच्या फक्त पहिल्या दोन-तीन ओळी. पूर्ण वाचायचं तर त्यावर टिचकी मारावी लागते. दादाचा अंगठा वर सरकत होता आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्या दोन-तीन ओळींत तेच होतं: आदरणीय महोदय, मी तुमची पोस्ट नीट वाचली, मला इतक्या वर्षांचा अनुभव आहे, मी हे काम उत्तम करीन. "अगं, सगळे एकच लिहितात. कुणाला घ्यायचं ते कळणार कसं?" असं म्हणत तो पुढे जात होता. टिचकी तो मारतच नव्हता. एका ठिकाणी मात्र थांबला. तिथे पहिलीच ओळ एक प्रश्न होती: कॅटलॉग छापायचा आहे, की फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायचा आहे? दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "हे मी लिहायचंच राहिलं. छापायचा आहे." त्यानं लगेच त्या माणसाला उत्तर दिलं. त्याचा दर सगळ्यात कमी नव्हता आणि प्रोफाइलवर रिव्ह्यूही मोजकेच होते.

बाकीच्यांना दादानं नाकारलं नाही की उत्तरही दिलं नाही. त्याचं काम झालं होतं, सकाळी वर्कशॉप उघडायचं होतं. त्या रांगेत माझ्याहून कितीतरी सरस डिझायनर असतील, पण त्यांचं काम कुणी पाहिलंच नाही. हे डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. उत्तर न देणारा क्लायंट आपल्याला कमी लेखत नसतो. दमून घरी आलेला, मोबाइलवर अंगठा फिरवणारा तो एक माणूस असतो, आणि आपली अडचण कुणाला कळली आहे एवढंच तो त्या दोन ओळींत शोधत असतो.

सोलापूरला परत आल्यावर मी आधी एकच विचार केला: कोणाची कोणती अडचण मला पहिल्या दोन ओळींत ओळखता येईल? 'ग्राफिक डिझाइन' म्हटलं की सगळं जग रांगेत असतं. पण मराठी मजकूर पानावर लावताना जे बिघडतं, ते ओळखणारे त्या साइटवर थोडे. परदेशातल्या भाषांतर संस्था दवाखान्यांची, शाळांची, सरकारी कार्यालयांची पत्रकं अनेक भाषांत करून घेतात. भाषांतरकार मराठी बरोबर लिहून देतो. मग ते इंग्रजी वाचणाऱ्या डिझायनरच्या हाती जातं आणि इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट होतं. तिथे भारतीय लिप्यांचा पर्याय सुरू केलेला नसला, तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, 'रुग्णालय'चं 'रुग्‌णालय' होतं, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होणं तर नेहमीचंच. डिझायनरला ते दिसत नाही, कारण त्याला सगळी अक्षरं सारखीच. दुरुस्ती अवघड नसते: इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक पर्याय चालू करायचा, परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर (अक्षरं जुळवून ओळी लावणारी सोय) लावायचा, इनडिझाइन असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर. पण निकाल बरोबर आला की नाही हे पाहायला मराठी वाचणारा डोळाच लागतो. ल आणि श मराठी वळणाचे आले आहेत की हिंदी वळणाचे, हे आपल्याला बघताक्षणी कळतं. गूगल फॉन्ट्सवर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोफत मिळतो, त्यात ही वळणं मुळातच मराठी आहेत.

म्हणून प्रोफाइलचं शीर्षक मी बदललं. 'ग्राफिक डिझायनर' काढून 'मराठी आणि हिंदी पत्रकांची मांडणी व तपासणी' असं इंग्रजीत लिहिलं. नमुन्यांत लग्नपत्रिका होत्या, त्या सगळ्या काढल्या. त्या जागी एकाच पानाची दोन चित्रं ठेवली: डावीकडे मोडलेली अक्षरं, त्यांना लाल गोल केलेले, उजवीकडे दुरुस्त पान. मजकूर मीच तयार केलेला, कुठल्याही ग्राहकाचा नाही. मराठी न येणाऱ्यालाही काहीतरी बिघडलं होतं आणि ते नीट झालं, हे त्यातून समजतं.

पोस्ट निवडायची पद्धतही बदलली. क्लायंटचं पेमेंट पडताळलेलं आहे का, त्यानं आजवर किती पोस्ट टाकल्या आणि त्यातल्या किती जणांना खरंच काम दिलं, हे पोस्टच्या बाजूलाच दिसतं. ढीगभर पोस्ट आणि काम कुणालाच नाही, असा क्लायंट असेल तर मी कनेक्ट घालवत नाही. तसंच क्लायंटनं पोस्ट शेवटची कधी पाहिली तेही दिसतं. कित्येक दिवसांत तो तिकडे फिरकलाच नसेल तर आपलं सुंदर प्रपोजल वाचणार कोण? पन्नासच्या वर प्रपोजलं गेलेल्या साध्या कामाकडे मी वळत नाही.

वेळेचं गणितही आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणजे ऐन स्वयंपाकाची वेळ. मी कणीक दुपारीच मळून ठेवायला लागले. पोस्ट पडल्यावर पहिल्या तासात गेलेलं प्रपोजल वाचलं जाण्याची शक्यता जास्त, कारण तेव्हा क्लायंट स्वतः तिथे बसलेला असतो.

पहिलं खरं उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या भाषांतर संस्थेकडून आलं. त्यांनी पोस्टला लसीकरणाच्या पत्रकाची पीडीएफ जोडली होती आणि मराठी वाचकांकडून तक्रार आली आहे, भाषांतर तपासून हवं आहे, असं लिहिलं होतं. मी पीडीएफ उघडली आणि प्रपोजल थेट तिथून सुरू केलं: 'तुमच्या दुसऱ्या पानावर वेलांट्या अक्षरांच्या चुकीच्या बाजूला गेल्या आहेत आणि जोडाक्षरं फुटली आहेत. भाषांतर ठीक आहे. बिघाड पान लावताना झाला आहे.' खाली फक्त एका परिच्छेदाचं दुरुस्त चित्र जोडलं. अनुभवाबद्दल एक ओळ, तीही शेवटी. त्याच दुपारी उत्तर आलं. मूळ फाइल दिली तर किती वेळ लागेल, एवढंच विचारलं होतं. भाषांतर करणाऱ्या व्यक्तीला ते दोष देणार होते, तो टळला याचं मला कामाच्या पैशांपेक्षा जास्त समाधान वाटलं. कुठेतरी बसून नेकीनं काम केलेल्या माणसाचं नाव विनाकारण खराब होणार होतं.

नमुन्याबद्दल एक सांगायला हवं. एका परिच्छेदाचं चित्र देणं वेगळं आणि अख्खं काम 'चाचणी' म्हणून फुकट करून देणं वेगळं. दुसरं मागणाऱ्याला मी नम्रपणे सांगते की छोटा सशुल्क टप्पा करू. ठरलेल्या रकमेच्या करारात क्लायंट टप्प्याचे पैसे आधी साइटकडे जमा करतो. ते जमा झालेले दिसल्याशिवाय फाइलला हात लावायचा नाही. काम दिल्यावर क्लायंटला तपासायला १४ दिवस मिळतात, त्यानं काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात, आणि मग आणखी पाच दिवसांनी काढता येतात. अपवर्कचं कमिशन पूर्वी सरसकट १० टक्के होतं. २०२५ पासून नव्या करारांवर ते ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असतं आणि किती ते आधीच दिसतं. दर सांगताना ते धरूनच सांगावं. फायव्हर या दुसऱ्या साइटवर मात्र सरळ २० टक्के जातात. तिथे क्लायंट स्वतः शोधत येतो, त्यामुळे सेवेचं शीर्षक जितकं नेमकं तितकं बरं. माझं तिथलं काम अजून थोडंच आहे.

आजही माझ्या बऱ्याच प्रपोजलांना उत्तर येत नाही. फरक एवढाच की ज्यांना येतं ते माझ्याच कामाचे लोक असतात, आणि त्यातले काही पुन्हा बोलावतात. बोलणं सुरू होऊन मध्येच थांबलं तर आठवड्यानं मी एक निरोप पाठवते, पण 'काय ठरलं?' असं विचारत नाही. त्या कामाबद्दल काहीतरी उपयोगाचं लिहिते: हा फॉन्ट वापरला तर मजकूर तेवढ्याच जागेत बसेल, किंवा या कोष्टकात मराठी आकडे हवेत की इंग्रजी ते ठरवून घ्या. एका संस्थेनं अशाच निरोपाला काही महिन्यांनी उत्तर दिलं, तेव्हा त्यांचं हिंदीचं काम अडलं होतं.

सध्या मी आणखी एक नमुना तयार करते आहे, जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणण्याचा. आपल्याकडच्या कितीतरी प्रकाशकांची आणि संस्थांची पुस्तकं अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमधल्या पेजमेकर फाइलींत अडकून आहेत. त्या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ आवृत्तीपर्यंतच उघडतात, पुढच्या आवृत्त्यांत नाही. छापखान्यात काम केलेल्या मंडळींपैकी कुणाकडे जुनी मशीन आणि ती आवृत्ती अजून चालू असेल, तर ती मोडीत काढू नका. मजकूर बदलून झाल्यावर र्‍हस्व-दीर्घ आणि अर्धा र ओळीओळीनं तपासावे लागतात, कन्व्हर्टर तिथेच चुकतो. नमुन्याचं पान लावून झालं आहे, तपासणी चालू आहे.