अ‍ॅबस्ट्रॅक्टमधली क्रियापदं कुठल्या काळात लिहायची?

इंग्रजी शोधनिबंधाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा थोडक्यातला सारांश) भूतकाळात लिहायचा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. प्रत्येक वाक्य कशाबद्दल बोलतंय त्यावर काळ ठरतो: जगाबद्दल, तुम्ही केलेल्या कामाबद्दल, की वाचकाच्या हातातल्या निबंधाबद्दल.

समजा, ४८ कुंड्यांपैकी निम्म्यांत पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं आणि ६ आठवडे मातीतला ओलावा मोजला. उघड्या मातीतलं पाणी लवकर उडतं, हे सगळ्यांना मान्य असलेलं पहिलं वाक्य साध्या वर्तमानात जाईल: ‘बेअर सॉइल लूझेस वॉटर’. यावर आजवर काय झालंय, काय राहिलंय, ते प्रेझेंट परफेक्टमध्ये: ‘फ्यू स्टडीज हॅव कम्पेअर्ड’. मग पद्धत. प्रयोग संपलेला आहे, म्हणून ‘वुई मेझर्ड’, ‘पॉट्स वेअर कव्हर्ड’. निकालही भूतकाळातच: ‘मॉइश्चर वॉज हायर’. शेवटी त्याचा अर्थ लावताना पुन्हा वर्तमान: ‘दीज रिझल्ट्स सजेस्ट’. एपीए शैलीच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमांच्या) सातव्या आवृत्तीतही पद्धत आणि निकालांना भूतकाळ, निष्कर्षांना वर्तमानकाळ अशीच विभागणी आहे.

सगळ्यात जास्त जपायचं ते निकालाच्या वाक्यात. ‘मल्चिंग (आच्छादन घालणं) रिड्यूस्ड इव्हॅपोरेशन’ म्हणजे या कुंड्यांत बाष्पीभवन कमी झालं. ‘मल्चिंग रिड्यूसेस इव्हॅपोरेशन’ म्हणजे ते एरवीही, इतर मातीतही कमी होतं. स्पेलिंगमध्ये फरक शेवटच्या एका अक्षराचा, पण दुसऱ्या वाक्यातला दावा ४८ कुंड्यांना पेलणारा नाही. समीक्षक नेमका इथेच अडतो आणि ‘ओव्हरक्लेम’ असा शेरा मारतो. सर्वसाधारण विधान करायचंच असेल, तर ते शेवटच्या वाक्यात ‘मे’ किंवा ‘सजेस्ट’च्या आधाराने करावं.

‘पेपर’ आणि ‘स्टडी’ यांतही फरक आहे. पेपर वाचकासमोर आहे, म्हणून ‘धिस पेपर प्रेझेंट्स’. अभ्यास पुरा झालाय, म्हणून ‘धिस स्टडी एक्झामिन्ड’. मानव्यविद्यांमध्ये ‘एक्झामिन्स’ही सहज चालतं, आणि कादंबरीत काय घडतं ते तर वर्तमानातच सांगतात. गणितात ‘वुई प्रूव्ह’, कारण प्रमेय कालही खरं होतं, उद्याही असेल.

आपल्या चुका मात्र बहुतेकदा मराठीतून येतात. ‘नमुने गोळा केले होते’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. ‘होते’ फक्त गोष्ट मागे पडल्याचं सांगतं. त्याचं ‘हॅड कलेक्टेड’ केलं की इंग्रजी वाचक त्यानंतर घडलेली दुसरी गोष्ट शोधू लागतो, आणि ती तिथे नसतेच. नुसतं ‘कलेक्टेड’ पुरे. ‘हॅड’ लागतं ते दोन घटनांचा क्रम दाखवायला: वजन करण्याआधी नमुने गोठवले होते, तर ‘हॅड बीन फ्रोझन’ बरोबर. तसंच ‘सर्वेक्षण २०१९ मध्ये केलं आहे’ मराठीत खपतं, पण इंग्रजीत वर्ष आलं की ‘हॅज बीन’ जातं आणि ‘वॉज कंडक्टेड’ येतं.

तिसरी चूक ‘चर्चा केली जाईल’ची. ‘रिझल्ट्स विल बी डिस्कस्ड’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टला बहुधा १५० ते २५० शब्दांचीच मर्यादा असते. ते वाक्य काढून तिथे निकाल लिहावा, शक्य असेल तर आकड्यासह.

तपासणीची एक साधी रीत आहे. मसुदा छापा, प्रत्येक मुख्य क्रियापदाखाली रेघ ओढा आणि समासात ‘जग’, ‘काम’ किंवा ‘निबंध’ यांपैकी एक शब्द लिहा. ‘काम’ लिहिलेल्या ओळीत वर्तमानकाळ दिसला तर थांबा. एकाच वाक्यात दोन काळ आले म्हणून बिचकू नका. ‘वुई फाउंड दॅट’पुढे निकाल भूतकाळात आणि सर्वमान्य तथ्य वर्तमानात येऊ शकतं.

परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवताना काम अर्धवट असेल, तर ‘विल’ रास्तच आहे. पण तोच मजकूर पुढे नियतकालिकाला द्यायच्या आधी फाइलमध्ये ‘विल’ शोधा. एखादं तरी हमखास राहून गेलेलं असतं.