अर्धी जाळी

गडबड पहिल्यांदा लक्षात आली ती ताईंच्या टेलरबाईंच्या. वीस वर्षं त्याच ब्लाउज शिवतात. माप घेताना एकदा म्हणाल्या, "ताई, डावा टक्स बोटभर खाली घ्यावा लागतोय." ताईंनी घरी येऊन आरशात पाहिलं, आणि मग सहा महिने आरशात बघायचंच टाळलं. पेशंट म्हणून माझ्याकडे आल्या तेव्हा हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

(त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

चौदा वर्षांपूर्वी, दुसऱ्या मुलाचं दूध सुटल्यावर, त्यांनी दुसऱ्या एका शहरात ब्रेस्ट इम्प्लांट बसवून घेतले होते. घरात फक्त नवऱ्याला माहीत. गुळगुळीत पृष्ठभागाचे, गोल, ३७५ सीसीचे इम्प्लांट, छातीच्या स्नायूच्या वर, दुधाच्या ग्रंथीच्या खाली. म्हणजे दीड पावाचं वजन चौदा वर्षं जवळपास नुसत्या कातडीवर टांगलेलं. उजवीकडे शरीराने इम्प्लांटभोवती जाड, टणक कोश केला होता. एमआरआयमध्ये त्या कोशाच्या आत फाटलेलं कवच दुमडून शेवयांसारखं दिसत होतं. डावीकडे नेमकं उलटं. कोश पातळ, आणि इम्प्लांट घसरत घसरत स्तनाखालच्या घडीच्याही खाली उतरलेला. कातडी ताणून धरली की स्तनाग्रापासून घडीपर्यंतचं अंतर उजवीकडे ९ सेंटिमीटर भरत होतं, डावीकडे साडेबारा.

इम्प्लांट बदलायचे हे उघड होतं. नवे स्नायूखाली ठेवायचे, आकार कमी करायचा, २७५ सीसी. आकाराला त्यांनी लगेच होकार दिला. "हलकं झालं तर बरंच, मानही दुखते." प्रश्न डावीकडच्या घडीचा होता. ती वर उचलून छातीच्या भिंतीला पुन्हा टाक्यांनी बसवायची, की त्या टाक्यांना आतून जाळीचा आधार द्यायचा?

जाळी हा शब्द उच्चारला आणि ताई खुर्चीत मागे सरकल्या.

"जाळी नको. बाबांना हर्नियाची घातली होती. पिकली."

मग सगळं सांगितलं. जखम आठ महिने वाहत होती. शेवटी जाळी काढावी लागली. तोवर रोज सकाळी मुलांचे डबे भरायच्या आधी ड्रेसिंग त्याच करायच्या. "पट्टी काढताना तो वास यायचा ना डॉक्टर, तो अजून नाकात आहे," म्हणाल्या. त्यावर मी आकडेवारी काढून बसले नाही. ज्या बाईने आठ महिने पू पुसलाय तिला जाळीचे फायदे समजावायला मी कोण?

पण माहिती तर द्यायलाच हवी होती. हर्नियाची जाळी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची असते, ती कायमची आत राहते. माझ्या मनात होती ती विरघळणारी. पी-फोर-एच-बी नावाचा पदार्थ, तो जिवाणूंकडून आंबवून तयार करतात. शरीर तो साधारण दीड ते दोन वर्षांत जिरवतं. तोवर जाळीच्या भोकांमधून आपलीच ऊती वाढते आणि पुढचा भार तिने पेलावा अशी अपेक्षा असते. अपेक्षा हाच शब्द मी वापरला. कारण नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरांना पत्र काढलं होतं की या पदार्थाच्या जाळ्यांची स्तनशस्त्रक्रियेतली सुरक्षितता आणि परिणामकारकता ठरवली गेलेली नाही. त्या पत्रात काय आहे ते मी त्यांना मराठीतून सांगितलं. जंतुसंसर्ग झाला तर काय होईल तेही सांगितलं. जाळी तर निघेलच, इम्प्लांटही काढावा लागेल आणि काही महिने ती बाजू रिकामी राहील.

"आणि जाळी नाही घातली तर?"

"टाके धरले तर काहीच नाही. नाही धरले तर वर्षभरात पुन्हा खाली."

"धरतील की नाही ते कळणार कधी?"

"आत गेल्यावर."

बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला झोपवून तुम्ही बाहेर ह्यांना विचारणार, आणि हे घाबरून म्हणणार, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तसं नको."

हे त्यांनी किती अचूक ओळखलं होतं! आपल्याकडे ऑपरेशन थिएटरच्या दाराशी असेच निर्णय होतात. मास्क खाली ओढून डॉक्टर दोन वाक्यं बोलतात आणि हबकलेला नातेवाईक मान डोलावतो. मी त्यांच्यापुढे संमतिपत्र ठेवलं आणि सांगितलं की तुमची अट तुमच्याच हाताने लिहा. त्यांनी लिहिलं: "टाके धरले नाहीत तरच जाळी. विरघळणारीच. जिथे गरज तिथेच." खाली सही.

ऑपरेशनच्या दिवशी ते पान मी ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर चिकटवलं. असं मी याआधी कधी केलं नव्हतं.

उजवी बाजू आधी घेतली. कोश अंड्याच्या टरफलासारखा कडक, आत चिकट जेल. कोश सगळा काढला, पोकळी पुन्हा पुन्हा धुतली, स्नायूखाली नवी जागा केली. घडी जागच्या जागी होती, बोटाने ओढून पाहिली तरी हलली नाही. हातमोजे बदलून डावीकडे वळले.

डावा कोश चिमट्यात धरून दिव्यासमोर केला तर पलीकडची चिमट्याची टोकं दिसत होती. घडी कुठे हवी ते आदल्या दिवशी त्यांना उभं करून निळ्या पेनने आखलं होतं. त्या रेषेवर टाक्यांची पहिली रांग घातली, न विरघळणारा दोरा, बरगडीवरच्या मजबूत थरात घट्ट. धरले. दुसरी रांगही धरली. मला हायसं वाटलं. मग सायझर, म्हणजे आकार पाहण्यापुरता तात्पुरता इम्प्लांट, आत ठेवला आणि भूलतज्ज्ञांना टेबल वर घ्यायला सांगितलं. या शस्त्रक्रियेत हे करावंच लागतं. पेशंटला भुलेतच बसतं करायचं, आडवं असताना सगळंच जागेवर दिसतं.

टेबल उभं झालं. पहिलं मिनिट ठीक. मग घडीचा मधला भाग हळूहळू खाली आला. सायझर काढून आत पाहिलं. दोरे शाबूत होते, गाठी शाबूत होत्या, फाटला होता तो कोश. जुन्या जिरलेल्या पैठणीला टाका घालावा आणि दोऱ्याच्या शेजारून कापड विरत जावं, तसं. जागा थोडी बदलून पुन्हा टाके घेतले, थोडी जास्त ऊती पकडून. पुन्हा टेबल वर. पुन्हा तेच.

मी भिंतीवरच्या पानाकडे पाहिलं. सिस्टरना म्हटलं, "जाळी उघडा."

पांढरी, विणलेली, हाताला मऊ. एका तुकड्यात दोन्ही बाजू निघतील एवढी होती. मधोमध कापली. एक कड स्नायूच्या खालच्या काठाला, दुसरी नव्या घडीशी. मध्ये इम्प्लांटला बसायला झोळी. ती बांधायला पाऊण तास लागला. टेबल वर घेतलं, पाच मिनिटं थांबलो. घडी हलली नाही.

तेव्हा माझी ज्युनिअर म्हणाली, "मॅम, उरलेली अर्धी उजवीकडे घालूया? पॅक उघडलंय, परत स्टराइल तर करता येणार नाही."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ही जाळी इम्प्लांटच्या जोडीपेक्षा महाग होती आणि पैसे पूर्ण तुकड्याचे भरलेले. शिवाय खरा मुद्दा वेगळाच होता. एका बाजूला आधार आणि दुसरीला नाही, म्हणजे दोन्ही बाजू पुढे सारख्या उतरतीलच असं नाही. अनेक सर्जन दोन्हीकडे घालतात ते याच कारणाने, आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही. मी ट्रेमधल्या त्या अर्ध्या तुकड्याकडे पाहत उभी राहिले. भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहिलं.

उजवीकडे सायझर ठेवून टेबल पुन्हा उभं करायला लावलं. पूर्ण पाच मिनिटं. घडी तसूभर हलली नाही. तिथे जेल सांडलेलं होतं, मी तासभर ती पोकळी धूत होते. तिथे आणखी एक परकी वस्तू, तीही केवळ उघडली आहे म्हणून? आणि भिंतीवर लिहिलेलं होतं, जिथे गरज तिथेच. "नको," म्हटलं. तुकडा बादलीत गेला. इम्प्लांट बसवले, आतलं पाणी निचरायला ड्रेनच्या नळ्या ठेवल्या, टाके घातले.

बाहेर त्यांचे यजमान उभे होते. "काय ठरवलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ताईंनी ठरवलं तेच केलं."

बाराव्या रात्री साडेदहाला फोन आला. डावीकडे कोमट लागतंय. आवाज बारीक झाला होता. लगेच बोलावून घेतलं. ताप नाही, लाली फिकट, सोनोग्राफीत पाण्याचा पातळ थर. दोन दिवस रोज बोलावून पाहिलं, तिसऱ्या दिवशी लाली उतरली. दर वेळी मी पट्टी काढली की त्या आधी वास घ्यायच्या. मी काही न बोलता थांबायचे. मग त्या मान हलवायच्या आणि मी पुढचं काम करायचे.

तीन आठवड्यांनी टाके पाहायला आल्या तेव्हा बिल हातात होतं. "डॉक्टर, जाळी एकाच बाजूला घातलीत म्हणता. पैसे पूर्ण जाळीचे. उरलेली अर्धी कुठे गेली?"

"टाकून दिली."

मी सगळं सांगितलं. ज्युनिअर काय म्हणाली, मी का थांबले, दोन्ही बाजूंत पुढे फरक पडू शकतो हेही. त्यांनी बिलाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

परवा ऑपरेशनला चौदा महिने झाले. स्तनाग्रापासून घडीपर्यंतचं माप पुन्हा घेतलं. डावीकडे ८, उजवीकडे साडेआठ. ऑपरेशनच्या दिवशी दोन्हीकडे साडेसात होतं. मी आकडा सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "टेलरबाई म्हणाल्या, आता उजवा टक्स अर्धा बोट खाली घेतलाय."

"त्रास होतोय का?"

"छे. ब्लाउज बसतोय."

दोन्ही मापं फाइलमध्ये लिहिली. जाळी अजून आत आहे, पूर्ण जिरायला काही महिने जातील. डावी बाजू स्वतःच्या बळावर उभी राहते का ते त्यानंतरच कळेल. पुढची तारीख दहा महिन्यांनंतरची दिली आहे.