गाव कुठलं तुमचं? तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही राहता रॉसकॉमनमध्ये, दारात झेंडा मेयोचा, मूळच्या इंडियाच्या, बोलता मराठी पण महाराष्ट्रातल्या नाही, मग तुम्ही नक्की कुठल्या ओ?

हे मला डब्लिनच्या मराठी गणपतीत विचारलं गेलंय, मी ज्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे तिथल्या आज्या-आजोबांनी विचारलंय, कोल्हापुरात लग्नाच्या पंगतीत हातात जिलबीचं ताट धरून विचारलंय. दर वेळी मी हसते आणि विषय बदलते. आता हसायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

निम्मं उत्तर सोपं आहे. आयर्लंडमधलं माझं गाव बालाहाडेरीन, कागदावर ते रॉसकॉमन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) आहे. १८९८ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टपर्यंत ते शेजारच्या मेयो काउंटीत होतं, मग सरकारनं रेष हलवली आणि गाव जागच्या जागी दुसऱ्या काउंटीत गेलं. पण जीएए, म्हणजे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या इथल्या खेळांची संघटना, १८८४ ची, त्या रेषेपेक्षा जुनी, आणि तिनं ही हलवाहलवी काही मनावर घेतली नाही, गावचा क्लब आजही मेयोतच खेळतो. २०१७ चा फुटबॉलर ऑफ द इयर अँडी मोरान याच क्लबचा आणि मेयोचा. म्हणजे कर भरायचा रॉसकॉमनला आणि घसा कोरडा करायचा मेयोसाठी, आणि वर गावातलं कथीड्रल तिसऱ्याच हिशोबातलं, ॲकॉनरी धर्मप्रांताचं, जो बराचसा मेयो आणि स्लायगोत पसरलाय. यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. माझ्या दारातल्या झेंड्यात तेवढं वाटतं.

आणि मी निपाणीची. कोल्हापूरकराला एवढं पुरतं. पुण्यातला माणूस म्हणतो, अय्या, मग तुम्हाला कन्नड येतं? येतं, शाळेत होतं. माझ्या आईचा जन्म १९५२ चा, तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेली, तिथं आईचं लग्न झालं, १९७३ मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि तिचं म्हातारपण आता तिथं चाललंय. माहेर आणि सासर दोन गल्ल्यांच्या अंतरावर, बाई आयुष्यात घर सोडून कुठं गेली नाही आणि तीन राज्यं फिरून आली. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगणार. आम्हाला रोजच्या जगण्यात ते गाडीच्या नंबरावरून कळायचं. आमची केए २३, आणि कोल्हापुरात शिरलं की ट्राफिक हवालदाराचा हात आधी आमच्या गाडीकडं.

त्यामुळं इथं आल्यावर मला बालाहाडेरीन कुणी समजावून सांगावं लागलं नाही. इथंही गाडीच्या नंबरातच काउंटी असते, एमओ म्हणजे मेयो, आरएन म्हणजे रॉसकॉमन, केवाय केरी, आणि डब्लिनला नुसता डी. आमची गाडी सेकंडहँड घेतलेली, १३१-डी. (ते १३१ म्हणजे २०१३ चा पहिला अर्धा भाग, ते पण गमतीचंच, तेराचा अपशकुन नको म्हणून २०१३ पासून वर्षाचे दोन भाग पाडले असं म्हणतात. आपल्याकडं लिंबू-मिरची बांधली असती आणि काम झालं असतं.) तर त्या डी मुळं पेट्रोल पंपावर अजूनही कुणीतरी विचारतं, डब्लिनहून आलात का, ट्राफिक कसं होतं? गाडी डब्लिनची, बाई इंडियाची, पत्ता रॉसकॉमनचा, झेंडा मेयोचा. पोलिसानं थांबवलं तर चारही खरंच सांगावं लागेल.

आता तुम्ही म्हणाल की काउंटी ही या लोकांच्या रक्तातली गोष्ट आहे, आपण त्यात कशाला घुसायचं. रक्तातली कुठली? काउंट्या पाडल्या इंग्रजांच्या राजवटीनं, स्वतःच्या कारभाराच्या सोयीसाठी, शेवटची विक्लो तर १६०६ मध्ये. पुढं जीएएनं त्यांना रंग दिले आणि लोकांनी जीव दिला. २०१५-१६ मध्ये ॲथलोन शहराला लागून असलेला रॉसकॉमनचा भाग शेजारच्या वेस्टमीथ काउंटीला जोडावा का हे नुसतं तपासायला घेतलं, तर हजारोंनी हरकती गेल्या आणि शेवटी होतं तसंच राहिलं. मला त्या लोकांचं हसू येत नाही, मी निपाणीची आहे, मला ते पूर्ण पटतं. माझं म्हणणं एवढंच की जी गोष्ट रेष ओढून तयार झाली आणि मग मनापासून खरी झाली ती माझ्याबाबतीत का खरी होऊ नये.

जन्माचं म्हणाल तर रॉसकॉमन काउंटीतल्या हॉस्पिटलात बाळंतपणाचा विभागच नाही. त्यामुळं आजकालची रॉसकॉमनची पोरं जन्मतात गॉलवेत, स्लायगोत नाहीतर मेयोत, आणि तरी अस्सल रॉसकॉमनची असतात. आपल्याकडंही बाळंतपण माहेरी होतं म्हणून कुणी आजोळला आपलं गाव म्हणत नाही. माझा मुलगा कॅसलबारच्या हॉस्पिटलात झाला. कॅसलबार म्हणजे मेयो. हे मी वाद घालायला सांगतेय असं वाटत असेल तर होय, वाद घालायलाच सांगतेय.

आणि वंशाचं म्हणाल तर एप्रिल २०२३ मध्ये बायडन मेयोतल्या बॅलिनाला आला होता. त्याचे पूर्वज १८५० च्या आसपास बॅलिना सोडून अमेरिकेला गेले, आणि त्याच्या भाषणाला हजारो लोक थंडीत उभे, मेयोचा पोरगा घरी आला म्हणून. तेव्हा मी नाइट ड्यूटी करून आलेली, त्याच मेयोच्या म्हाताऱ्यांची कूस बदलून. लंडनला गेलेल्या आयरिशांची टीम सुद्धा कॉनॅक्टच्या, म्हणजे आमच्या या प्रांताच्या, स्पर्धेत खेळते. जो गेला तो कायमचा इथला, जो आला तो कायमचा बाहेरचा, ब्लो-इन. पण यात आयरिश लोकांना एकट्याला नावं ठेवायला तोंड नाही आपल्याला. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावापासून पुण्यापर्यंत सगळ्यांना आपला माणूस गवसला. डब्लिनमध्ये जन्मला, आई वॉटरफर्ड काउंटीतल्या डुंगार्वनची, पण वडिलांचं मूळ गाव वराड, बास. माझा नवरा पिंपरीत वाढला, विचारलं तर सांगतो गाव सातारा, जिथं तो मे महिन्यात आंबे खायला जायचा. त्याला कुणी उलट विचारत नाही.

तर आता ती गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही.

सप्टेंबर २०२१. मेयोनं सेमीफायनलला डब्लिनला हरवलं होतं, त्या डब्लिनला जे ओळीनं सहा वर्षं ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचं फुटबॉलचं अजिंक्यपद, जिंकलेले, आणि आता फायनल टिरोनशी. मेयो शेवटचं जिंकलं १९५१ मध्ये, त्यामुळं काय वातावरण असेल ते तुम्हीच बघा, मेंढ्यांना मेयोचा हिरवा-लाल रंग लावलेला. फायनल शनिवारी, म्हणून शुक्रवारी शाळेत रंगांचा दिवस. शाळेचा मेसेज आला. मुलांनी मेयोचे किंवा आपापल्या काउंटीचे रंग घालून यावं, आणि दुसऱ्या देशांतल्या मुलांनी हवं असल्यास अभिमानानं आपापल्या देशाचे रंग घालावेत. शेवटी हसरा चेहरा.

मला माहीत आहे ते चांगल्या मनानं लिहिलेलं होतं. माणसानं चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीवर चिडता येत नाही हाच तर त्रास. मुलगा दुसरीत होता, माझ्या खांद्यावरून फोन वाचत होता, म्हणाला, आई, दुसऱ्या देशांतली म्हणजे मी का?

मी म्हटलं नाही. नवरा त्याच वेळी म्हणाला हो. आणि मग आमचं जे भांडण झालं ते जर्सीवरून सुरू झालं आणि कुठं कुठं गेलं. नवऱ्याचं म्हणणं, क्रिकेटची इंडियाची जर्सी घरात आहे, ती घालू दे, लाज वाटते का तुला? मला लाज वाटत नव्हती. पण मला कळत होतं की पोलंडच्या, सिरियाच्या, पाकिस्तानच्या पोरांबरोबर त्याला एका बाजूला उभा करून फोटो काढतील आणि तो फोटो फार सुंदर येईल. नवरा म्हणाला, मग येऊ दे की. म्हणाला, तू त्याला जे नाही ते बनवायला निघालीयस आणि उद्या कुणी तोंडावर नाही म्हटलं की रडणार तोच आहे, तू नाही. मी म्हटलं, तुला काय कळणार, तुझं गाव कधी कुणी तुझ्या पायाखालून काढून घेतलंय? ते म्हटल्यावर तो गप्प झाला आणि मला स्वतःलाच कळेना की मी हे निपाणीबद्दल बोलतेय की पोराबद्दल.

तो मेयोची जर्सी घालून गेला. थोडी मोठी होती, पुढच्या वर्षीही व्हावी म्हणून घेतलेली. संध्याकाळी घरी आला, दप्तर टाकलं आणि विचारलं, माझी आजी मेयोची नाहीये ना? वर्गातला एक मुलगा म्हणाला होता की मेयोचं असायला आजी मेयोची लागते. भांडणात नाही, नियम सांगावा तसं. त्यानं पण ते घरीच ऐकलं असणार.

मी निपाणीला व्हिडिओ कॉल लावला, खरं तर स्वतःसाठीच. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि नातवाला म्हणाली, आरं बाळा, त्यास्नी सांग, माझी आजी कुठली ते अजून कोर्टात हाय. तो हसला नाही, त्याला कळलं नाही. मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मेयो हरलं, पेनल्टी पण हुकली. मुलगा टीव्हीसमोर हमसून रडला. सोमवारी कामावर एक आजोबा मला म्हणाले, पोरगं रडलं ना, मग झालात तुम्ही मेयोचे. सगळे हसले आणि मीही हसले. घरी येताना गाडीत मात्र माझं डोकं फिरलं. शुक्रवारी नियम आजीचा होता, सोमवारी रडण्याचा झाला, आणि दोन्ही वेळी परीक्षा घेणारे तेच. आजोबा फार गोड होते, आता नाहीत.

हे लिहिताना निपाणीतली, लग्नाआधीची मी मागं उभी राहून वाचतेय असं वाटतंय. ती म्हणतेय, काय गं ही लाचारी, कशाला हवाय त्यांचा शिक्का, पोटासाठी गेलीस, काम कर, पैसे पाठव, म्हातारपणी परत ये. तिला मी सांगते की भारताचा पासपोर्ट परत केला, किलार्नीत मोठ्या हॉलमध्ये शपथ घेतली, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड आहे, येताना-जाताना चालतं. देशाचं नागरिकत्व मिळतं, फॉर्म आहे, फी आहे. काउंटीचा फॉर्मच नाही. ती म्हणते, मग मागतेस कशाला?

याला माझ्याकडं उत्तर नाही. उलट तिलाच मी विचारलं पाहिजे की आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे भांड्यांचे दुकानवाले, ज्यांचे पणजोबा निपाणीत आले, जे माझ्या वडिलांपेक्षा चांगली मराठी आणि माझ्यापेक्षा चांगली कन्नड बोलतात, त्यांना आपण आजही काय म्हणतो? मारवाडी. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. ती कुठली हे मी तिला कधीच विचारलं नाही, कारण मला ते माहीतच आहे असं मी धरून चालले होते. तिनं आमच्याकडं कधी शिक्का मागितला नाही. का मागितला नाही ते आता विचारावंसं वाटतं, पण इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं.

डब्लिनच्या मैत्रिणी म्हणतात, इकडं ये, इथं कुणी असं विचारत नाही. खरंय, तिथं कुणी विचारत नाही. मी राहून पाहिलंय सुरुवातीला, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे घर सोडेपर्यंत कळलं नाही. इथं विचारतात. १८४१ मध्ये मेयोत तीन लाख एकोणनव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, २०२२ च्या जनगणनेत एक लाख अडतीस हजार. एवढी माणसं जिथून निघून गेली तिथले लोक येणाऱ्याला कोण कुठला विचारणारच. हे मला दिवसा पटतं. रात्री पटत नाही.

आणि झेंडा का लावता, हेही तुम्ही विचारता. लावते कारण शेजारी लावतात आणि आमचं एकच दार झेंड्याविना उघडं-बोडकं दिसलं असतं. असं मी सांगते. खरं कारण हे आहे की मला तो आवडतो.

मुलगा आता गावच्या क्लबात खेळतो, कॉर्नर-बॅक, फार काही चांगला नाही. परवा मी त्याला मुद्दाम विचारलं, तू कुठला रे? तर म्हणाला, फुटबॉलला मेयो, पण हर्लिंगला मी लिमरिकचा. लिमरिकशी आमचा काहीएक संबंध नाही, तिथं आमचं कुणी ओळखीचंही नाही. मी विचारलं लिमरिक का, तर म्हणाला, ते जिंकतात ना. नवरा जाम खूश आहे. मी अजून ठरवलं नाही की रागवायचं का.