वाचनालयाच्या सर्व्हरवर पोस्टग्रेसची नवी आवृत्ती बसवताना : माझा अनुभव

फोंडा तालुक्यातील ज्या वाचनालयाच्या संगणकांची देखभाल मी हौसेने करतो, तेथील सर्व मराठी पुस्तकांची सूची पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. सर्व्हरवर डेबियन 11 ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) होती आणि तिच्यासोबत आलेली पोस्टग्रेस 13 ही आवृत्ती. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. 13 ही आवृत्ती सप्टेंबर 2020 मध्ये आली असल्यामुळे नोव्हेंबर 2025 नंतर तिच्यात सापडणारे दोष कोणी दुरुस्त करणार नाही, हे आधीपासून ठाऊक होते. चवथीच्या सुटीत वाचनालय बंद असते, म्हणून तो काळ निवडला. डेबियनमध्ये मधली आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही, तेव्हा 11 वरून 12 वर जायचे आणि तेथे मिळणारी पोस्टग्रेस 15 वापरायची, असे ठरले.

हे काम करण्यामागे आणखी एक कारण होते आणि माझ्या दृष्टीने तेच मोठे होते. डेटाबेस तयार करताना कोणीतरी इंग्रजीचे लोकेल (भाषेनुसार अक्षरांचा क्रम वगैरे ठरवणारी निवड) निवडले होते. त्यामुळे यादीत ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून येई, म्हणजे ‘कळस’ हा शब्द ‘कवी’च्या आधी लागे, आणि ‘क्ष’ने सुरू होणारी शीर्षके ‘क’च्या पोटात जात. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे ‘ह’नंतर येतात. साठा पडताळणीच्या वेळी छापील यादी हातात घेऊन कपाटांपुढे उभ्या राहणाऱ्या ग्रंथपालबाईंना हा क्रम कधीच पटला नव्हता, आणि त्यांचे म्हणणे रास्तच होते. पोस्टग्रेस 15 मध्ये संपूर्ण डेटाबेससाठी आयसीयू या ग्रंथालयाचे (येथे ग्रंथालय म्हणजे प्रोग्रामांची लायब्ररी) क्रमनियम मूळ म्हणून निवडता येतात आणि त्यात मराठीचे स्वतंत्र नियम आहेत.

डेबियनवर आवृत्ती बदलण्यासाठी पीजी_अपग्रेडक्लस्टर नावाची सोयीची आज्ञा आहे. मी ती वापरली नाही, कारण ती जुन्या डेटाबेसचे लोकेलही जसेच्या तसे पुढे नेते आणि तयार डेटाबेसचे मूळ लोकेल नंतर बदलता येत नाही. म्हणून हाताने जाण्याचा मार्ग पत्करला. डेबियन 12 वर गेल्यावर दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी राहतात : जुनी 5432 या पोर्टवर (सर्व्हरशी जोडणीच्या क्रमांकावर), नवी रिकामी 5433 वर. त्याआधीच संपूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून पाहिला होता. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. नंतर नव्या आवृत्तीच्या पीजी_डंप या प्रत (डंप) काढणाऱ्या साधनाने जुन्या सर्व्हरमधील सूची काढली, आणि वापरकर्ते व त्यांचे पासवर्ड पीजी_डंपऑलने वेगळे काढले, कारण एका डेटाबेसच्या डंपमध्ये ते येत नाहीत. नव्या सर्व्हरवर आधी वापरकर्ते, मग टेम्प्लेट0 या कोऱ्या साच्यावरून मराठी आयसीयू लोकेलचा रिकामा डेटाबेस, आणि शेवटी त्यात मजकूर, असा क्रम ठेवला. यात सर्व इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या अनुक्रमण्या) नव्याने बांधले जातात, हा मोठा फायदा. डेबियनसोबत मूळ सी लायब्ररीही बदलते आणि तिच्यासोबत शब्दांचा क्रम बदलला, तर जुने इंडेक्स तसेच ठेवल्याने पुस्तक असूनही शोधात न सापडण्याची शक्यता असते.

पासवर्डचा भाग मात्र वेळखाऊ ठरला. जुने पासवर्ड एमडी5 पद्धतीने साठवलेले होते, तर कोणाला कसा प्रवेश द्यायचा ते ठरवणाऱ्या नव्या पीजी_एचबीए या फाइलमध्ये स्क्रॅम ही नवी पद्धत मागितलेली असते, आणि एमडी5चा साठा स्क्रॅमला चालत नाही. फाइलमध्ये तात्पुरते एमडी5 लिहिले, कारण त्या नोंदीखाली दोन्ही प्रकारचे साठे चालतात. प्रत्येक वापरकर्त्याचा पासवर्ड नव्याने दिला आणि मग पुन्हा स्क्रॅम केले. 15 पासून पब्लिक स्कीमात (डेटाबेसमधील सामायिक कप्प्यात) कोणालाही तक्ते बनवू न देण्याची चांगली प्रथा आली आहे, पण जुन्या डंपमधून जुनीच परवानगी परत येते, म्हणून ती हाताने काढून घ्यावी लागली.

मांडणीत फारसे बदल केले नाहीत. शेअर्ड बफर्सची (डेटाबेसने वापरायच्या सामायिक मेमरीची) मूळ किंमत 128 एमबी असते. 8 जीबी मेमरीच्या या यंत्रासाठी ती 2 जीबी केली. माझे सर्व बदल कॉन्फ.डी या निर्देशिकेतील एका लहान फाइलमध्ये ठेवले, जेणेकरून मूळ फाइल अस्पर्शित राहावी. वेग वाढावा म्हणून एफसिंक (नोंदी डिस्कवर खरोखर लिहिल्या गेल्याची खात्री करणारी सोय) बंद करण्याचा सल्ला एका मित्राने दिला होता. पावसाळ्यात येथे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि एफसिंक बंद असताना वीज गेली तर डेटाबेस दुरुस्तीपलीकडे बिघडू शकतो. तो सल्ला मी मानला नाही.

मजकूर उतरल्यावर अ‍ॅनलाइझ ही मजकुराची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा चालवणे आवश्यक होते, कारण या आवृत्तीत ती आकडेवारी डंपसोबत येत नाही आणि तिच्याविना शोध रेंगाळतो. शीर्षकाच्या आरंभीच्या अक्षरांवरून होणाऱ्या शोधासाठी टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स प्रकारचा वेगळा इंडेक्सही घातला. मग जुना सर्व्हर थांबवून नव्याला 5432 हे पोर्ट दिले, त्यामुळे काउंटरवरील संगणकांत काही बदलावे लागले नाही. ग्रंथपालबाईंनी नवी यादी छापून कपाटांशी ताडून पाहिली आणि ‘कळस’ ‘कहाणी’च्या मागे गेल्याचे मला बोटाने दाखवले. त्यांनी होकार दिल्यावरच पीजी_ड्रॉपक्लस्टरने 13 चा साठा काढून टाकला.