उन्हाळ्यातलं हिडकल आणि रेशमाची माशी

फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसा-धाग्याची नकली माशी गळाला बांधून मासे धरणं, म्हटलं की सगळ्यांना हिमाचलचे ओढे आणि ट्राउट आठवतात. त्यासाठी एवढ्या लांब जायची काही गरज नाही. एप्रिलमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या फुगवट्याला, दड्डी-मोहनग्याच्या बाजूला या. पाणी मागं सरलेलं असतं, गाळपेरीच्या रानाखाली गुडघाभर पाण्याचा लांबलचक सपाट पट्टा तयार होतो आणि सकाळच्या वेळी त्या पट्ट्यात सायप्रिनस चरत असतो. ही शिकार डोळ्यांची आहे. मासा आधी बघायचा, मग त्या एकाच माशाला माशी टाकायची. मला या नादाची गोडी लागली ती एवढ्याचसाठी.

सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प. मूळचा आपला नव्हे. १९३९ साली त्याची एक जात उटीला आणली, १९५७ साली बँकॉककडची दुसरी आली आणि मैदानी भागातल्या तळ्या-धरणांत ती पसरली. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. सायप्रिनसचं साचलेल्या पाण्यातही भागतं, पाणवनस्पतींना अंडी चिकटवली की झालं. कटल्याच्या मागं माशी घेऊन लागू नये, हे माझं ठाम मत. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, खाणं पाण्यातलं अगदी बारीक, गाळून घेतलेलं. सायप्रिनस मात्र डोकं खाली करून गाळ उकरतो. अळ्या, गोगलगायी, बिया, सगळं चालतं त्याला. तोंडात दात नाहीत, दात घशात असतात, शंख तिथं फोडतो.

मी वडगावचा विणकर. कांडीवर उरलेलं रेशीम मी जपून ठेवतो, माशी बांधायला ते फार कामाला येतं. गळ आठ नंबरचा. अंगाला तपकिरी किंवा विटकरी रेशीम, गळ्याला गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस, आणि डोळ्यांच्या जागी किल्लीच्या साखळीतले दोन मणी. मणी गळाच्या दांड्यावर वरच्या अंगाला बांधायचे, म्हणजे पाण्यात गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि गाळातल्या काड्यांत अडकत नाही. जरीचा धागा घरात भरपूर आहे, पण माशीला लावत नाही. उथळ, नितळ पाण्यात चमक दिसली की सायप्रिनस बुजतो.

साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते फेकलं की तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, मागून जातो. इथं वजन दोरातच असतं, माशी आपली हलकी. मी सहा नंबरची काठी आणि तिला जुळणारा दोर वापरतो.

गेल्या उन्हाळ्यात म्हशी राखणारा एक पोरगा शेजारी येऊन बसला.

"मामा, गळाला काय लावलंयसा?"

"कोंबड्याचं पीस."

"पिसाला मासा लागतोय होय?"

"बघ की. फक्त उभा राहू नको."

समोर पाण्यात गढूळ ढग उठत होता, बारीक बुडबुडे येत होते, मध्येच शेपटीचं तांबूस टोक वर यायचं. माशी मी माशाच्या पलीकडं टाकली, पाण्याच्या वरच्या थरातून हळू ओढत आणली आणि त्याच्या मिशांपुढं वीतभर अंतरावर खाली सोडली. सायप्रिनस माशी ओढून नेत नाही. खाणं तोंडात शोषतो, पसंत नसेल तर क्षणात थुंकतो, हाताला काही कळत नाही. म्हणून नजर दोरावर नाही, त्याच्या डोक्यावर ठेवायची. डोकं जरा पुढं सरकलं, कल्ले फुलले. डाव्या हातानं दोर खेचला आणि रील ओरडायला लागली. पोरगं "आई गं!" म्हणून उभंच राहिलं. आता उभं राहायला हरकत नव्हती.

गळाचा उलटा काटा मी पक्कडीनं दाबून टाकतो. कधी खवल्या, म्हणजे महसीर मासा, लागलाच, तर त्याला इजा न होता सोडता यावा म्हणून. तो इथल्या नद्यांचा मूळ रहिवासी, त्याला मी घरी नेणार नाही. सायप्रिनस नेतो, बिनदिक्कत. फक्त त्याच्या पाठीवरच्या पंखातला पुढचा काटा जाड आणि दातेरी असतो, तिथं हात सांभाळा. आणि काठावरच्या जाळीवाल्यांना विचारल्याशिवाय पाण्यात काही टाकू नका. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

वळवाचा मोठा पाऊस झाला, चंदगडाकडून तांबडं पाणी उतरलं की मासा दिसत नाही, म्हणून यायचं तर त्याआधी या. दहानंतर वारं सुटतं, तेव्हा पहाटेच निघा. पांढरा शर्ट नको, मळखाऊ घाला. पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा आणि टोपी हवीच. काठी नसली तर माझ्याकडं जादा आहे.