कडबनवाडीच्या माळावर धाविक बघायला जाताना

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला जाऊन आलो. बहुतेक लोक तिथे लांडगा आणि चिंकाऱ्यासाठी जातात. मला धाविक, म्हणजे माळावर तुरुतुरु धावणारा छोटा पक्षी, बघायचा होता.

पुण्याहून पहाटे साडेतीनला निघालो, सोलापूर महामार्गाने भिगवण आणि तिथून आत. उजाडता उजाडता माळावर. पहिला तासभर चंडोल आणि लांबून दिसलेले दोन चिंकारे, एवढंच. मग साताच्या सुमारास समोरचं एक ढेकूळ चालायला लागलं!

तितराएवढाही नसेल. पांढरट, काटकुळे उंच पाय, तांबूस छाती, डोळ्यावर पांढरी भुवई आणि तिच्याखाली ठसठशीत काळी रेघ. तुरुतुरु दहा पावलं धावायचा, एकदम ताठ उभा राहायचा, मग पुढे वाकून वाळवी नाहीतर भुंगेरा टिपायचा. धोका वाटला तरी चटकन उडत नाही, पळतो. थांबला की मुरमात असा मिसळतो की नजर हटवायची सोय नाही.

गाडी बंद करून आत बसून राहिलो. अर्ध्या तासाने तो एका जागी येऊन बसला. साडेआठला ऊन चढलं तसा उठून तिथेच उभा राहिला आणि दुर्बिणीतून त्याच्या पायांशी दोन अंडी दिसली. मातकट, काळ्या ठिपक्यांची. घरटं म्हणावं असं काहीच नाही, मुरमातला नुसता उथळ खळगा, ना काडी ना गवत. अंड्यांवर त्याने स्वतःची सावली धरली होती. आणि त्या खळग्यापासून जेमतेम दोन हातांवर टायरचा ताजा माग होता. चिंकाऱ्याच्या फोटोसाठी कुणीतरी चाकोरी सोडून गाडी घातली असणार. तो माग बघून पोटात गोळा आला.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, गाडी चाकोरीतच ठेवा. धाविकाची वीण साधारण मार्च ते ऑगस्ट, आणि माळटिटवी, चंडोल हेही जमिनीवरच अंडी घालतात. 'मोकळी जागा आहे, काय होतंय' हा विचारच घातक. कागदोपत्री माळरानाला पडीक म्हटलं जातं, आपणही तसंच वागलो तर कसं व्हायचं?

वनविभागाची परवानगी आणि नोंदणीचे नियम आधी बघून जा, आणि गावातला वाटाड्या घ्या. खाली उतरू नका, खिडकीवर तांदळाची पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा. पाणी भरपूर ठेवा, माळावर सावली नाही. कडबनवाडीला जमलं नाही तर बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बघा, तिथलाही माळ असाच आहे. अंडी दिसली तर नेमकी जागा कुणालाही सांगू नका, आणि फोटो मिळाला नसला तरी दहा मिनिटांत तिथून निघा. आपण जवळ घुटमळलो तर पक्षी परतत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी फार वेळ टिकत नाहीत.